तंबोऱ्याचे खाते

1964 सालच्या श्रावणात माझ्या वडिलांनी आमच्या गावातील एका पतसंस्थेकडे 180 रुपयांच्या कर्जासाठी अर्ज केला आणि त्या छापील अर्जातील ‘कर्जाचे प्रयोजन’ या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात ‘तंबोरा’ एवढा एकच शब्द लिहिला. त्या रकान्यात तोवर म्हैस, बैलजोडी, विहिरीचे बांधकाम, फार तर मोटेच्या जागी बसवायचे तेलाचे इंजिन, असलेच शब्द पडत आले असणार. चिटणीस मनाचे सरळ होते आणि वडिलांविषयी त्यांना आदरही होता, परंतु अर्ज हातात घेऊन ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मास्तर, म्हैस दूध देते, इंजिन पाणी देते. उद्या हप्ते थकले तर हे वाद्य घेऊन आम्ही कोणाच्या दारात विकायला जायचे?” वडिलांपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. चार दिवसांनी ‘तारण अपुरे’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला.

तंबोऱ्याची निकड उत्पन्न झाली होती ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्का तेव्हा सोळा वर्षांची होती आणि पाच वर्षे एका वृद्ध गुरुजींकडे शिकत होती. मेहनत गुरुजींच्या घरी, गुरुजींच्याच तंबोऱ्यावर होत असे. आणि तो तंबोरा पुरुषाच्या गळ्याचा, काळी एकच्या पट्टीत बोलणारा, मोठ्या भोपळ्याचा होता. अक्काचा आवाज स्वभावतः काळी चारचा. तारा ओढून चढवाव्यात तर त्या तुटत, आणि न तुटल्या तरी ज्या घेराचा भोपळा ज्या खर्जासाठी निवडलेला असतो तो त्याहून निराळ्या स्वराला मनापासून साथ देत नाही. त्यामुळे एवढी वर्षे अक्का आपला आवाज उतरवून गात आली होती. एके दिवशी गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितले की, पोरीला आता तिचा तंबोरा हवा, नाहीतर हिचा गळा कायमचा वाकून बसेल. प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या हातात त्या काळी महिन्याकाठी 110 रुपये पडत आणि घरात खाणारी तोंडे सात होती, हे गुरुजींना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु जे सांगणे त्यांचे कर्तव्य होते ते त्यांनी सांगितले.

गायकाला वाद्याचा खर्च नसतो, अशी एक समजूत पुष्कळांच्या मनात असते. वस्तुतः आपल्या संगीतात षड्जाचा आधार घेतल्याशिवाय गळा एक पाऊलही टाकू शकत नाही, आणि तो आधार ज्यातून येतो ते वाद्य त्या त्या गळ्याच्या मापाचे असावे लागते. उसन्या अंगरख्यात माणूस वावरू शकतो, उसन्या पट्टीत गाऊ शकत नाही. तबलजीचे दुःख निराळ्या जातीचे आहे: त्याला एकरकमी मोठा आकडा उभा करावा लागत नाही, पण पुडी फाटते, शाई उडते, वादी ढिली पडते, आणि जन्मभर थोडे थोडे देणे त्याच्यामागे लागलेले असते.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी वडील, अक्का आणि हट्टाने बरोबर निघालेला मी, असे तिघे ओगलेवाडीच्या स्टेशनावर मीटरगेजच्या गाडीत बसून मिरजेला गेलो.

मिरजेचे नाव आज वैद्यकीय उपचारांसाठी जितके घेतले जाते तितकेच ते तंतुवाद्यांसाठी घेतले जावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. पटवर्धनांच्या या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी वाद्य दुरुस्त करण्याची आणि मग घडवण्याची विद्या आत्मसात केली, आणि तलवारीचे पाते पारखणारा हात घोडीच्या माथ्यावरून कानस फिरवू लागला. राज्ये बुडाली, तलवारींचे काम संपले, तेव्हा त्या घराण्याला दुसरा उद्योग शोधणे प्राप्तच होते. तो उद्योग हा असावा, हे मिरजेचे आणि आपल्या सर्वांचे भाग्य. पुढे या कुळांचे आडनावच सतारमेकर झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथेच राहून शिष्य घडवीत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी येथेच शिकले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध येथेच काढून, 1937 साली देह ठेवल्यावर, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विश्रांती घेतली. खाँसाहेब स्वतः वाद्ये उघडून दुरुस्त करीत. तारेच्या स्वराला गुंजन यावे म्हणून घोडी घासून केलेली जवारी त्यांच्या हातची ऐकण्यासारखी असे, असे जुने लोक सांगत. गाणारा आणि घडवणारा यांच्यात भिंत नसलेले असे ते गाव होते.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली होती. छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते, भिंतीशी दांड्या उभ्या होत्या, आणि लाखेच्या पॉलिशचा व तून लाकडाच्या भुशाचा मिळून एक उग्र-गोड वास तेथे भरून राहिला होता. वृद्ध कारागिरांनी वडिलांचे म्हणणे निम्मेच ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, ते राहू द्या. पोरीला सा लावायला सांगा.” अक्का संकोचली, मग डोळे मिटून तिने षड्ज लावला. त्यांनी उठून एकामागून एक असे तीन-चार अर्धवट तंबोरे जवळ घेतले, तबलीवर कान टेकवला, अक्काला पुन्हा पुन्हा सा लावायला सांगितला, आणि शेवटी ज्याला अद्याप पॉलिशही चढले नव्हते असा एक तंबोरा बाजूला काढून ठेवला. “हा हिचा,” ते म्हणाले. “दिवाळीनंतर न्या.”

मग पैशांची गोष्ट निघाली. किंमत 180 रुपये. वडिलांनी धोतराच्या सोग्यातून 30 रुपयांचा बयाणा काढून पुढे ठेवला आणि पतसंस्थेची हकीगत, आपला पगार, दरमहा 10 रुपये मनीऑर्डरीने पाठवण्याची तयारी, हे सगळे एका दमात सांगून टाकले. व्याजाचा दर विचारला तेव्हा त्या वृद्धाने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावले; व्याज घेणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. वडिलांनी विचारले, जामीन म्हणून कोणाची सही आणू? त्यावर ते जे म्हणाले ते मी तेव्हा नुसते ऐकले. समजायला मला पुष्कळ वर्षे लागली. ते म्हणाले, “तंबोरा वाजता राहिला तर वर्षा-दोन वर्षांनी जवारीला माझ्याकडेच येणार. आणि वाजता राहिला नाही, तर पैसे मागून मी काय करू?” मग लाल बासनात गुंडाळलेली खतावणी त्यांनी उघडली, वडिलांचे नाव व गाव लिहिले, त्यापुढे ‘काळी चार’ असे लिहिले, आणि त्यानंतर रक्कम मांडली.

घरी नवे नियम आपोआप लागू झाले. वर्तमानपत्र बंद झाले आणि वडील संध्याकाळी नगरवाचनालयात जाऊन उभ्या उभ्या वाचू लागले. दुधाचा रतीब निम्म्यावर आला. सकाळी शाळेपूर्वी दोन मुलांची शिकवणी सुरू झाली. दर महिन्याच्या सात तारखेला मी पोस्टात जाऊन मनीऑर्डरीचा अर्ज भरीत असे, आणि त्या अर्जाच्या खालच्या तुकड्यावर, जेथे चार ओळींचा मजकूर लिहायला जागा असे, तेथे वडील मला ‘तंबोरा उत्तम बोलतो’ असे लिहायला सांगत. नऊ हप्ते असे गेले. दहाव्या महिन्यात वडिलांना विषमज्वर झाला, रजा बिनपगारी झाली, आणि हप्ते थांबले ते पुष्कळ काळ थांबले. मिरजेहून एक पत्र आले नाही, एक निरोप आला नाही. दीड वर्षाने जवारी उतरली म्हणून अक्का संकोचत तंबोरा घेऊन मिरजेला गेली, तेव्हा त्यांनी घोडी कानशीने घासली, सुताचे दोरे नवे घातले, तिच्याकडून सा लावून घेतला आणि 60 रुपयांच्या बाकीचा उच्चारही केला नाही. पुढे सांगलीच्या आकाशवाणीवर तिची स्वरपरीक्षा झाली. तिच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांचे मानधन हातात आले तेव्हा ती बाकी तिने स्वतः जाऊन फेडली. त्या नावासमोर त्यांनी ‘बेबाक’ असा शब्द लिहिला, असे तिने घरी येऊन सांगितले.

संगीताला आश्रय कोणी दिला, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की राजेरजवाड्यांची यादी सुरू होते, आणि ती खोटी नाही. बडोद्यास सयाजीरावांच्या राजवटीत गवई-वादकांच्या नेमणुका, हजेरी, रजा आणि बिदागी यांची व्यवस्था पाहणारे कलावंत खाते होते. 1886 साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली तेथे सरकारी गायनशाळा उघडली. दरबारच्या कोठीत वाद्ये असत, त्यांची दुरुस्ती दरबारी खर्चातून होई, आणि कलावंताला वाद्याच्या किमतीची चिंता सहसा नसे. चिंता असे ती मर्जीची. 1948 साली मिरज संस्थान विलीन झाले, पाठोपाठ इतरही झाली, आणि ते खर्च ज्या रकान्यांत पडत ते रकानेच दप्तरातून नाहीसे झाले. विष्णु दिगंबरांनी तर त्याही आधी राजाश्रय सोडून लोकाश्रयावर विद्यालय उभारण्याचे धाडस केले होते. 1901 साली लाहोरात स्थापलेले गांधर्व महाविद्यालय मुंबईस आले, तेथे कर्ज काढून इमारत झाली, आणि ते कर्ज न फिटल्यामुळे ती लिलावात गेली. एवढ्या कर्तृत्वाच्या पुरुषाला सावकारापुढे जे सोसावे लागले ते वाचताना मला आमच्या गावच्या त्या पतसंस्थेचा शेरा आठवतो.

राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन शब्दांच्या मधे जी एक मोठी पोकळी राहिली, ती कोणी भरून काढली? माझे उत्तर असे आहे की, ती कारागिराच्या खतावणीने भरून काढली. या शतकाच्या आणि मागील शतकाच्या महाराष्ट्रात ज्या शेकडो शिक्षकांची, कारकुनांची, देवळातील पुजाऱ्यांची मुलेमुली गाणे शिकली, त्यांच्या तंबोऱ्यांची किंमत एकरकमी चुकती झाली असेल असे मला मुळीच वाटत नाही. ती हप्त्याहप्त्याने, वर्षावर्षाने, कधी जोंधळ्याच्या पोत्याच्या रूपाने, चुकती झाली असणार. आणि तोवर ते ओझे ज्याने आपल्या डोक्यावर वाहिले त्याचे नाव कोणत्याही संगीत संमेलनाच्या व्यासपीठावर घेतले गेले नाही.

आणि त्याच्याकडे तरी असे कोणते धन साठलेले होते? भीमेच्या काठी, पंढरपुराच्या परिसरात, काही शेतकरी तंबोऱ्याचा भोपळा पिकवतात. कडू आणि जाड सालीचा, त्यामुळे तो खाण्याच्या उपयोगाचा नाही; वेलीवर व उन्हात कित्येक महिने वाळावा लागतो; आणि ज्याने तो लावला त्याला पीक घेताना एवढेच ठाऊक असते की, मिरजेची माणसे येतील आणि घेऊन जातील. हंगामात भोपळे घ्यायचे ते रोख पैसे मोजून. लाकूड घ्यायचे आणि ओल पूर्ण मरेपर्यंत वर्षानुवर्षे नुसते ठेवून द्यायचे. म्हणजे भांडवल आज अडकले, वाद्य उद्या तयार झाले, आणि पैसे परवा, तेरवा, मास्तरांचा ज्वर उतरल्यावर आले. अनेक कारागीर स्वतः सावकाराचे देणेकरी होते. जे स्वतः व्याज भरीत होते त्यांनी व्याज न घेता उधारी दिली, ही गोष्ट मला कोणत्याही राजाच्या देणगीपेक्षा मोठी वाटते.

पश्चिमेकडे हाच प्रश्न अगदी उलट्या दिशेने सुटला आहे, आणि त्याची हकीगत विचार करायला लावणारी आहे. इटलीतील क्रेमोना या गावी 1737 साली निवर्तलेल्या आंतोनियो स्त्रादिवारी या कारागिराची व्हायोलिने आज जगातील अत्यंत महाग वाद्यांत गणली जातात. चिटणिसांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे सहज देता येते: हप्ते थकले तर हे वाद्य विकत घ्यायला लंडनपासून टोकियोपर्यंत माणसे उभी आहेत. 1721 साली घडवलेले ‘लेडी ब्लंट’ नावाचे त्याचे व्हायोलिन 1971 साली लिलावात 84,000 पौंडांना गेले होते. तेच 2011 साली जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने तेथील भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ विकले तेव्हा 1 कोटी 59 लक्ष डॉलर आले. आपत्तीत सापडलेल्या माणसांच्या कामी एक वाद्य आले, याचा आनंदच आहे. पण ज्या वस्तूची किंमत चाळीस वर्षांत अशी वाढते ती वस्तू वाजवणाऱ्याच्या हातून निसटून साठवणाऱ्याच्या हाती जाते, हेही तितकेच खरे. यहुदी मेन्युहिन 12 वर्षांचा असताना, 1929 साली, हेन्री गोल्डमन या धनिकाने त्याला स्त्रादिवारीचे व्हायोलिन घेऊन दिले. तसे दान आता एकट्यादुकट्या धनिकाच्याही आवाक्यात क्वचितच राहिले असेल. जोशुआ बेल याने 2001 साली 1713 सालचे ‘गिब्सन’ हे व्हायोलिन जवळजवळ 40 लक्ष डॉलर देऊन घेतले, तेव्हा त्या रकमेसाठी आपले आधीचे स्त्रादिवारी त्याला विकावे लागले. हेच गिब्सन 1936 साली ब्रॉनिस्लाव ह्यूबरमन या वादकाच्या खोलीतून, तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या व्हायोलिनवर वाजवीत असताना, चोरीस गेले होते आणि जवळजवळ पन्नास वर्षे त्याचा पत्ता नव्हता.

बाकीचे वादक काय करतात? ते प्रतिष्ठानांकडून वा संग्राहकांकडून मुदतीने वाद्य वापरायला घेतात. तरुण वादकाला परीक्षक निवडतात, करारनामा होतो, विमा उतरवला जातो, आणि काही वर्षे तो दुसऱ्याच्या मालकीच्या वाद्यावर आपले हात घडवतो. मुदत संपली की ते परत करतो. ज्या स्वरावर बोटे मुरली, जो लाकडाचा स्वभाव हनुवटीखाली वर्षानुवर्षे ओळखीचा झाला, तो एका ठरलेल्या तारखेला पेटीत ठेवून दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, या कल्पनेने माझा जीव कासावीस होतो. अक्काने आपला आवाज उतरवून दुसऱ्याच्या पट्टीत काढलेली ती पाच वर्षे मी पाहिली आहेत. तरीही त्या व्यवस्थेला मी नावे ठेवणार नाही. गुणी आणि निर्धन अशा मुलाच्या हाती तीनशे वर्षांचे वाद्य येते ते त्या करारनाम्यामुळेच येते, आणि आपल्याकडे एखाद्या संस्थेने तंबोऱ्यांची अशी कोठी ठेवली असती तर माझ्या वडिलांचा अर्ज तेथे परत आला नसता.

तंबोऱ्याला मात्र लिलावाचे भय नाही. भोपळा ही नाजूक वस्तू आहे. एक धक्का लागला की तडा जातो, आणि त्याचे मोल ज्याच्या पट्टीला तो जुळतो त्याच्याखेरीज इतरांना फारसे नसते. म्हणून तो तारण होत नाही, म्हणूनच तो साठवणाऱ्याच्या कपाटात जाऊन मुका होत नाही. 1979 साली बंगळूरला विद्युत तंबोरा तयार झाला, आणि आता तर तोच स्वर भ्रमणध्वनीत फुकट मिळतो. ज्या घरात हप्त्याचीही ऐपत नाही त्या घरातील मुलगी आज पहाटे उठून आपल्याच पट्टीत गाऊ शकते, ही मला मोठी सोय वाटते आणि तिच्याविषयी वाईट बोलणे माझ्याने होत नाही. परंतु तिच्यामुळे मिरजेतल्या दुकानांत येणारी पावले विरळ झाली आहेत आणि कारागिरांची मुले दुसऱ्या उद्योगांकडे वळली आहेत, हेही दिसते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मी अक्काला दूरध्वनी करून ती वार्ता सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “वडील हवे होते.”

अक्काची बोटे आता संधिवाताने आखडली आहेत. तंबोरा तिने आपल्या एका विद्यार्थिनीला दिला आहे. मुलगी शेतमजुराच्या घरची, आवाज नेमका काळी चारचा. गेल्या हिवाळ्यात जवारी करायची म्हणून मी तिला घेऊन मिरजेला गेलो. रेल्वे आता रुंद रुळांवरून धावते, तारा उतरवून ठेवलेला तंबोरा मात्र तिने तसाच, भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्याला टेकवून, धरला होता. दुकानात त्या वृद्धांचा नातू बसतो. त्याने घोडी काढून उजेडात धरली, तासभर कानस चालवली, मधे मधे तारा चढवून ऐकल्या, आणि तिला सा लावायला सांगितला. तबलीच्या कडेला एक बारीक चीर गेलेली त्याला दिसली. तीही त्याने भरून काढली. हिशेब तिच्या जवळच्या पैशांपेक्षा अधिक झाला. मी खिशात हात घातला, पण तिने मला थांबवले आणि, राहिलेले पैसे पुढच्या महिन्यात देईन, असे त्याला सांगितले. त्याने मान हलवली, फळीवरून एक वही काढली आणि तिचे नाव विचारले. तिने नाव सांगितले, मग गाव सांगितले.

“पट्टी?” त्याने न पाहता विचारले.

“काळी चार.”

त्याने ते लिहून घेतले.